मशीन खोटं बोलतंय

फुंकामास्तरांचा आवाज हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जायचा. तिसऱ्या मजल्यावर कुणाची तपासणी चालू आहे आणि त्याला ती जमते आहे की नाही, हे आपल्याला खाली स्टुलावर बसून कळतं, असं फाटकावरचा वॉचमन शपथेवर सांगायचा. "फुंका फुंका फुंका फुंका! सोडू नका! आहे, आत अजून आहे! लपवू नका!" अशी आरोळी उठली की समजावं, कुणाच्या तरी फुप्फुसांची परीक्षा चालली आहे आणि परीक्षक ऐन रंगात आले आहेत.

परीक्षा तशी साधी. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो सगळाच्या सगळा, थेंबही न ठेवता, मशीनमध्ये फुंकून टाकायचा. किती लिटर हवा निघाली ते मशीन सांगतं. असं तीनदा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की मशीन खोटं बोललं नाही आणि माणूसही खोटं बोलला नाही, असं धरायचं. पण माणूस आपणहून सगळा श्वास देत नाही. "शेवटचा कपभर तो स्वतःजवळ ठेवतोच," हे मास्तरांच्या तीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं. तो कपभर काढून घ्यायला ओरडावं लागतं. मास्तर ओरडायचे. भल्याभल्यांचा शेवटचा कप त्यांनी काढला होता.

भिंतीपलीकडे कुजबुजबाई बसत. त्यांचं काम हृदयाची सोनोग्राफी करायचं. त्यांच्या खोलीत मंद अंधार, गार जेली आणि शांतता. बाई इतक्या हळू बोलत की पेशंटला "डाव्या कुशीवर वळा" हे दोनदा विचारून घ्यावं लागे. अशा शांततेत भिंतीतून एकदम "लपवू नका!" आलं की पडद्यावरची हृदयं टुणकन उडायची. काही आज्ञाधारक पेशंट तर झोपल्या झोपल्या फुंकायलाच लागायचे. बाईंनी एकोणीस वर्षांत अकरा तक्रारी केल्या होत्या. पण त्या त्यांनी तोंडी केल्या, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात केल्या, त्यामुळे अजून कुणाला ऐकू आल्या नव्हत्या.

आता सोमवारची फुंक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथंच झालं.

दर सोमवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आत, मास्तर स्वतः नाकाला चिमटा लावून मशीनमध्ये फुंकायचे. आलेला आकडा एका जाड रजिस्टरात लिहायचे. मशीनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, म्हणून ही पद्धत. एका निरोगी, ओळखीच्या माणसाची फुंक आठवड्याच्या आठवड्याला सारखीच यायला हवी. नाही आली तर मशीन बिघडलं. रजिस्टरात तीनच रकाने होते: तारीख, लिटर, आणि 'मशीन ठीक आहे का?' पहिल्या पानावर मास्तरांनीच, तिशीतल्या ठसठशीत अक्षरात, नियम लिहून ठेवला होता: 'सोमवारची फुंक निरोगी माणसानेच द्यावी.' तो निरोगी माणूस म्हणजे अर्थातच ते स्वतः. मास्तर त्या विभागाचं वजनमाप होते, आणि वजनमापाला जेवढा तोरा असावा तेवढा त्यांना होता.

तरुणपणी ते चार पॉइंट सात फुंकायचे. वय वर्षाला चमचा-दोन चमचे हवा काढून घेतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेवढी सूट ते वयाला मोठ्या मनानं देत आले होते. साठीला चार पॉइंट एक. ठीक. वयाला आपण नाराज केलं नाही, वयानंही आपली अब्रू राखली.

मग एका सोमवारी आला तीन पॉइंट नऊ. मास्तरांनी मशीनकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात तीन पॉइंट सात. मास्तरांनी डोळे वटारले. त्यानंतर तीन पॉइंट पाच. मास्तरांनी तिसऱ्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नाही', आणि मेकॅनिकला बोलावून घेतलं.

मशीन तपासायला तीन लिटरचा एक पंप असतो. दांडा ढकलला की बरोब्बर तीन लिटर हवा मशीनमध्ये जाते. मेकॅनिकनं पंप मारला. मशीन म्हणालं, तीन. पुन्हा मारला. तीन.

"मास्तर, मशीन ठणठणीत आहे."

"पंपाचा वॉशर गेलाय."

नवा पंप आला. तीन.

"दोन्ही पंप एकाच कारखान्यातले," मास्तर म्हणाले. "एकमेकांना सामील असणार."

मेकॅनिकनं मास्तरांकडे पाहिलं. एवढं बोलून मास्तर खोकत होते, कोरडा, खुरखुर खोकला, आणि कपाळावर घाम होता. मेकॅनिकच्या ओठांवर काहीतरी आलं. पण मास्तरांना त्यांच्याच खोलीत असं काही सांगायला जिगर लागते, ती त्याच्या हत्यारांच्या पेटीत नव्हती. त्यानं नळीच्या जोडाला चिकटपट्टीचे दोन वेढे मारले आणि म्हणाला, "इथून थोडी गळती असेल बघा." दर महिन्याला तो यायचा, कुठं गळतीच नव्हती तिथं आणखी वेढे मारायचा आणि निघून जायचा. आठव्या महिन्यात ती नळी प्लॅस्टर घातलेल्या हातासारखी दिसायला लागली. आकडा तीन पॉइंट तीनवर आला.

घरी वेगळीच तऱ्हा. "चार महिने झाले," बायको म्हणाली, "तुम्ही जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचता. एव्हाना पाठ झाली असेल."

"अगं, अक्षर चांगलं आहे त्यांचं."

"माझंही चांगलं आहे. मी लिहून देते, डॉक्टरांना दाखवा."

मास्तर म्हणाले, बघू. बघू म्हणजे काय, हे चौतीस वर्षांच्या संसारात बायकोला चांगलं कळत होतं.

खरं सांगायचं तर मास्तर घाबरले होते. हजारो माणसांचे आकडे त्यांच्या नजरेखालून गेले होते. असा भराभरा उतरणारा आकडा कुणाचा असतो आणि पुढं त्या माणसाचं काय होतं, हे हॉस्पिटलात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मशीन खरं असेल तर मशीनशेजारचं आपलं स्टूल गेलं, सोमवार गेला, आणि त्याहून मोठं काही जायच्या वाटेवर होतं. म्हणून मशीन खोटं असायलाच हवं होतं. एवढा हुशार माणूस, पण स्वतःच्या बाबतीत त्यानं अगदी पेशंटसारखं केलं.

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मशीन खोटं म्हटल्यावर ते सगळ्यांसाठीच खोटं झालं. ज्यांना थांबता येत होतं त्यांना मास्तर पुढची तारीख द्यायचे, आणि ज्यांचा आकडा कमी यायचा त्यांचा कागद फाडायचे. एक निवृत्त पोस्टमन आला होता. उंच, काटकुळा, आयुष्यभर जिने चढून पायांच्या नुसत्या दोऱ्या झालेल्या. त्याचा आकडा आला दोन पॉइंट एक. पोस्टमनचा चेहरा उतरला.

"घाबरू नका," मास्तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले. "मशीन सध्या खोटं बोलतंय. माझाही आकडा पाडतं. दुरुस्त झालं की कळवतो."

पोस्टमननं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि आनंदानं घरी गेला. मास्तरांनाही त्या दिवशी बरं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आरोळी तुटली. एका बाईंची तपासणी चालू असताना "फुंका फुंका" म्हणता म्हणता मास्तरांना खोकल्याची उबळ आली. पेशंटबाईंनी फुंकणं थांबवून त्यांनाच पाणी दिलं. जरा वेळानं दार किलकिलं झालं आणि कुजबुजबाईंनी डोकं आत घातलं.

"मास्तर, आज मध्येच आवाज बंद झाला. बरं आहे ना?"

"मशीन बिघडलंय, बाई."

"आवाजाचं?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं.

दोन महिन्यांनी पोस्टमन परत आला. लिफ्टपुढं गर्दी होती, म्हणून जुन्या सवयीनं जिन्यानं आला आणि आल्या आल्या बाकावर बसला. पाच मिनिटं त्याला बोलता येईना. मास्तर समोर उभे.

"मशीन बरं झालं का?" शेवटी त्यानं विचारलं.

"अजून नाही. मेकॅनिक येतोय आज."

"मग एक सांगतो, मास्तर. मशीनचा रोग पसरलाय. आमच्या घरचा जिना बिघडलाय. इथला पण बिघडलाय. काल तर अंगण बिघडलं, नळापर्यंत जाताना दोनदा बसलो." तो हसत होता. ओठ निळसर झाले होते. "तुम्ही म्हणालात म्हणून मी दवाखान्यात आलोच नाही. म्हटलं, मास्तरांचाही पडतोय आकडा, मग काय भ्यायचं!"

स्वतःला फसवायचा माणसाला काय तो अधिकार असेल; पण हा बिचारा मास्तरांच्या शब्दावर दोन महिने फुकट घालवून बसला होता. त्यांनी त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. दोघं एकमेकांना धरून, धापा टाकत, छातीच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. तिथल्या नर्सला दोघांतला पेशंट कोण ते कळेना.

डॉक्टरीणबाईंनी आधी पोस्टमनला तपासलं, लगेच ऑक्सिजन लावून बसवलं आणि मग मास्तरांकडे वळल्या. "मास्तर, शर्ट वर करा."

"मी याला सोडायला आलोय."

"शर्ट."

मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या होत्या त्या, पण आवाज असा की मास्तरांनी मुकाट्यानं शर्ट वर केला. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. श्वासाबरोबर तळाशी बारीक करकर वाजत होती, बुटाचा वेल्क्रोचा पट्टा उघडावा तशी.

"किती दिवसांपासून?"

"मशीन आठ-दहा महिन्यांपासून..."

"मशीनचं नाही विचारलं."

मास्तरांनी शर्ट खाली ओढला. मग डॉक्टरीणबाईंनी स्टूल जवळ ओढलं आणि नीट समजावून सांगितलं. फुप्फुसाला रोज काही ना काही लागत असतं. धूळ, धूर, सर्दी-पडसं. तरुणपणी दुरुस्तीच्या पेशी येतात, ठिगळ लावतात, काम झालं की निघून जातात. ठिगळही हळूहळू विरून जातं. वय झालं की हे बिनसतं. "काही पेशी म्हाताऱ्या होतात. स्वतः धड काम करत नाहीत, पण जागाही सोडत नाहीत. तिथंच ठाण मांडून बसतात आणि आजूबाजूच्यांना सारख्या ओरडत राहतात, लावा ठिगळ, लावा ठिगळ! मग गरज नसली तरी दुरुस्ती चालूच राहते. ठिगळावर ठिगळ. त्याचा व्रण होतो, घट्ट आणि जाड. फुगायला हवी ती जागा फुगतच नाही. प्रत्येक म्हाताऱ्याला हा आजार होत नाही. पण ज्यांना होतो ते बहुतेक साठीच्या पुढचेच असतात, ते यामुळे."

मास्तरांनी हे सगळं ऐकून घेतलं. काम होत नाही, जागा सोडत नाहीत, शेजाऱ्यांना ओरडतात.

"डॉक्टर," ते म्हणाले, "तुम्ही पेशींबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?"

ऑक्सिजनची नळी नाकात असतानाही पोस्टमन एवढा हसला की नर्स धावत आली.

"छातीचा फोटो काढूच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयही बघून घेऊ, या वयात तिथंही हाच प्रकार चालतो. पण मला आकडा हवा. आज, दोघांचा."

हृदयासाठी मास्तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भिंतीच्या पलीकडे गेले आणि अंधारात डाव्या कुशीवर झोपले. कुजबुजबाईंनी जेली लावली. पडद्याकडे बघत राहिल्या.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं. त्या खोलीत त्यांचाही आवाज आपोआप खाली आला.

"आवळतंय छान," बाई कुजबुजल्या. "सैल सोडायला मात्र तयार नाही. वयानं भिंत ताठ झालीय थोडी. बारीक व्रणाचे धागे असतात, रबरात दोरा शिवल्यासारखे. फार नाही. गोळ्यांनी सांभाळता येईल."

"म्हणजे हट्टी आहे."

"ते मला भिंतीतून केव्हाच कळलं होतं. आज पडद्यावर दिसलं."

तोवर मेकॅनिक येऊन मास्तरांच्या खोलीत बसला होता. मास्तर आत आले, मशीनपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "या नळीवरचं सगळं सोल."

मेकॅनिकनं त्यांच्याकडे बघितलं आणि मग, फार दिवसांचं ओझं उतरावं तसं, भराभर चिकटपट्टी सोलायला घेतली. वेढ्यावर वेढे निघाले. खाली टोपलीभर ढीग झाला. आतली नळी नवी कोरी होती.

"माफ करा, मास्तर. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

"मी ऐकलं असतं का?"

"नाही."

"मग सोल. मशीनचं बरं आहे, त्याचं सोलता तरी येतं."

पंप मारला. तीन. मास्तर पेशंटच्या खुर्चीत बसले. नाकाला चिमटा. तोंडात नळी. आणि मग एक अडचण उभी राहिली, जी तीस वर्षांत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. ओरडणार कोण?

आधी डॉक्टरीणबाईंनी करून बघितलं. "फुंका हं, मास्तर. छान. अजून थोडं, जमलं तर." शाळेतल्या मुलाला औषध पाजावं तसं. मास्तरांनी शेवटचा कपभर श्वास खुशाल स्वतःजवळ ठेवला. मशीननं नापास केलं. मग मेकॅनिकनं "हो, हो, येऊ द्या, येऊ द्या" म्हणून बघितलं. ते गाडी मागे घेताना म्हणतात तसं झालं. पुन्हा नापास. नर्सनं आणून बाहेरच्या बाकावर बसवलेल्या पोस्टमननं तिथूनच "फुं..." एवढंच म्हटलं आणि हात हलवून माघार घेतली. मास्तरांनी वैतागून नळी काढली. "राहू द्या. मशीन..." असं म्हणून ते थांबले. पुढचं वाक्य आता त्यांच्याच जिभेवर येईना.

तेवढ्यात कुजबुजबाई आत आल्या. हात पुसले. चष्मा वर ढकलला. मास्तरांच्या शेजारी, जिथं मास्तर उभे राहायचे नेमक्या त्याच फरशीवर, पाय रोवून उभ्या राहिल्या.

"घ्या श्वास," त्या कुजबुजल्या. "भरून घ्या, अजून, अजून. आणि आता..."

"फुंका फुंका फुंका फुंका!"

खिडकीची तावदानं थरथरली. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन पडलं. खाली फाटकावर वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला, कारण आवाज ओळखीचा नव्हता आणि शब्द मात्र तेच होते. एकोणीस वर्षांचं भिंतीतून ऐकलेलं सगळं, शब्दाशब्दानं, जिथं मास्तर दम खायचे तिथं दम खात, बाई बाहेर काढत होत्या. "सोडू नका! आहे, आत अजून आहे! लपवू नका! लपवू नका म्हणते ना!" हा शेवटचा 'म्हणते ना' त्यांच्या पदरचा होता. त्यात अकराच्या अकरा तक्रारी होत्या.

मास्तर फुंकत होते. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. 'आत अजून आहे' हे ते जन्मभर लोकांना सांगत आले होते आणि मनात जाणून होते की पुष्कळदा आत काहीच उरलेलं नसतं. पण आत होतं. थोडंसं होतं. तेही त्यांनी दिलं.

तीन पॉइंट दोन. थोडं थांबून, पुन्हा: तीन पॉइंट एक नऊ. पुन्हा: तीन पॉइंट दोन.

तिन्ही सारखे. मास्तर धापा टाकत पडद्याकडे बघत राहिले. मशीन खोटं बोललं नव्हतं आणि माणूसही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खोकल्यावर ढकललं. बाईंनी ते पाहिलं आणि नाकाचा चिमटा काढून दिला.

"औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झालेला व्रण जात नाही. पण पुढचा वेग कमी करता येतो. लवकर आलात तर जास्त. उशीर केलात तर..." त्यांनी दाराबाहेर, बाकाकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं.

मास्तरांनी रजिस्टर उघडलं. नऊ महिन्यांतला प्रत्येक 'नाही' त्यांनी एक रेघ मारून खोडला आणि शेजारी लिहिलं, 'मशीन ठीक.' फार होते. मध्ये दोनदा थांबावं लागलं. शेवटी पहिल्या पानावर जाऊन, निरोगी माणसाच्या नियमाखाली त्यांनी लिहिलं: 'यापुढे सोमवारची फुंक पलीकडच्या बाई देतील.' बाई वाचून म्हणाल्या, "मला विचारलं नाहीत."

"तुम्ही सांगितलं असतंत तरी ऐकू आलं नसतं."

मग त्यांनी पोस्टमनला आत आणून बसवलं. चिमटा लावला, नळी दिली, श्वास भरून घ्यायला लावला आणि सवयीनं छाती फुगवून तोंड उघडलं. आवाज निघेना. बाई तोवर आपल्या खोलीत परतल्या होत्या. मास्तरांनी मूठ वळली आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

"फुंका फुंका फुंका फुंका!" भिंतीतून आलं.

पोस्टमननं डोळे मिटून फुंकलं. मशीननं आकडा दिला.

"एक पॉइंट आठ," मास्तर म्हणाले.

पोस्टमननं नळी काढली. बराच वेळ त्यानं श्वास गोळा केला. "आणि मशीन?" त्यानं विचारलं.

"मशीन ठीक आहे," मास्तर म्हणाले. "मी बिघडलो होतो." आणि स्वतःचं स्टूल ओढून ते त्याच्या शेजारी बसले.